चुनखडीचे कडे पाण्याच्या रेषेवर कसे झिजतात? फुकेत-क्राबीला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या किनाऱ्यावर, फुकेत आणि क्राबी यांच्यामधे फांग न्गाचा उपसागर आहे. पाणी उथळ, हिरवट, आणि त्यातून चुनखडीचे सुळके सरळ वर आलेले. होडीत बसलेला जो तो मान वर करून शेंड्याकडे पाहतो. या पानावर आपण खाली पाहणार आहोत, खडक आणि पाणी जिथे भेटतात त्या दोन-तीन मीटरच्या पट्ट्याकडे. ही बेटं टिकणार की कोसळणार हे तिथे ठरतं.

बेटं पायाशी आत गेलेली का दिसतात?

कारण त्या एका पट्ट्यात खडक बाकी ठिकाणांपेक्षा वेगाने झिजतो. वरचा कडा पावसाने झिजतो, पण सावकाश. कायम पाण्याखाली असलेल्या भागाचीही झीज तुलनेने कमी. भरती-ओहोटीच्या मधला जो भाग रोज भिजतो आणि रोज उघडा पडतो, तो मात्र आत आत जात राहतो. तिथे एक आडवी खाच तयार होते. तिला पुढे आलेलं छत असतं, मागे गेलेली भिंत असते आणि खाली थोडा उतरता तळ असतो. ओहोटीला होडी जवळून गेली की ही खाच बेटाला पट्ट्यासारखी वळसा घालून गेलेली दिसते. आतल्या शांत पाण्यातल्या बेटांना तर ती चारही बाजूंनी असते.

खडक पर्मियन काळातला आहे, म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुना. उथळ, उबदार समुद्रात जिवांचे कवच आणि चुन्याचा गाळ साचून तो बनला, पुढे दबून घट्ट झाला. तो मऊ नाही. हातोडीने सहज फुटत नाही. तरीही पायाशी तो असा पोखरला जातो, हेच इथलं खरं कुतूहल आहे.

पण खडक लाटाच कापतात ना? शाळेच्या भूगोलात तेच होतं.

होतं, आणि पुष्कळ किनाऱ्यांबाबत ते बरोबरच आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा पोर्ट कॅम्पबेल किनारा घ्या. तिथली चुनखडी तरुण आणि मऊ, समोर दक्षिण महासागर मोकळा. लाटा येऊन कड्याच्या पायावर आदळतात, भेगांत हवा कोंबतात, दगडगोटे फेकून मारतात. तिथल्या ‘ट्वेल्व्ह अपॉस्टल्स’ सुळक्यांपैकी एक, सुमारे ५० मीटर उंचीचा, ३ जुलै २००५ रोजी काही क्षणांत ढासळला. जवळच्याच ‘लंडन ब्रिज’ नावाच्या जोडकमानीची किनाऱ्याकडची कमान १५ जानेवारी १९९० रोजी पडली. पलीकडे अडकलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं.

फांग न्गाच्या आतल्या भागात मात्र असल्या लाटाच नाहीत. उपसागर बेटांनी आणि खारफुटीने झाकलेला आहे, आणि वर्षातले बरेच दिवस पाणी तलावासारखं असतं. नुसत्या लाटांनी खाचा पडत असत्या तर त्या मोकळ्या समुद्राकडे तोंड केलेल्या कड्यांवरच खोल दिसल्या असत्या. प्रत्यक्षात सगळ्यात रेखीव, खोल खाचा शांत आणि आडोशाच्या पाण्यात सापडतात. व्हिएतनामच्या हा लाँग उपसागरातही हेच दिसतं. तेव्हा चुनखडीच्या बाबतीत ‘लाट’ हे उत्तर अपुरं आहे. पाठ्यपुस्तकात कडा, गुहा, कमान, सुळका ही साखळी शिकवताना निदान एक ओळ तरी खडकाच्या जातीबद्दल असावी असं मला मनापासून वाटतं.

मग समुद्राचं पाणी चुना विरघळवतं का?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवतं. पृथ्वीवरच्या बहुतेक चुनखडी-गुहा अशाच झाल्या. समुद्राच्या पाण्याचं तसं नाही. उष्ण कटिबंधातल्या वरच्या थरातल्या पाण्यात चुना आधीच इतका भरलेला असतो की आणखी विरघळायला जागाच नसते. उलट त्यातून चुना बाहेर पडू शकतो. म्हणून ‘खारं पाणी खडक खातं’ हे साधं स्पष्टीकरण इथे टिकत नाही.

पण चुनखडी झिजायला तीन वाटा उरतात.

पहिली रात्रीची. खडकावरच्या लहान लहान डबक्यांत ओहोटीला पाणी अडकतं. दिवसा त्यातलं शेवाळ कार्बन डायऑक्साइड वापरतं. रात्री प्रकाश नसतो, शेवाळ आणि डबक्यातले जीव श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पाणी आम्लाकडे झुकतं. तेवढ्या काही तासांत तळाचा खडक थोडा विरघळतो. पुढची भरती आली की ते पाणी धुऊन निघतं. हे रोज घडतं, म्हणून डबक्यांचे तळ सपाट आणि कडा धारदार होत जातात.

दुसरी वाट गोड्या पाण्याची. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस या किनाऱ्यावर भरपूर पडतो. डोंगरात मुरलेलं पाणी बेटांच्या पायाशी झऱ्यांतून बाहेर येतं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगतं. इथे एक चमत्कारिक गोष्ट होते. गोडं पाणी चुन्याने तृप्त (म्हणजे आणखी चुना मावणार नाही इतकं भरलेलं), खारं पाणीही तृप्त, पण दोन्ही विशिष्ट प्रमाणात मिसळली की तयार होणारं मचूळ पाणी पुन्हा चुना विरघळवू लागतं. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरची शेल-हा ही खाडी मुख्यतः अशाच मिश्रणातून झालेली आहे. बहामा बेटांवरही किनाऱ्यालगतच्या पुष्कळ गुहा याच पद्धतीच्या आहेत.

तिसरी वाट सजीवांची, आणि तिला स्वतंत्र उत्तर हवं.

खडक खरंच कोणी खातं का?

खातं, आणि अगदी शब्दशः.

ओहोटीला उघड्या पडलेल्या चुनखडीचा एखादा ताजा तुटलेला, आपोआप पडलेला तुकडा मिळाला तर त्याची कड नीट पाहा. वरचा पृष्ठभाग करडा किंवा काळपट. त्याच्या लगेच खाली, जेमतेम एक मिलिमीटरच्या आत, एक बारीक हिरवी रेघ दिसते. त्याखाली स्वच्छ पांढरा किंवा करडा खडक. ती हिरवी रेघ म्हणजे खडकात घर करून राहिलेले सूक्ष्म सायनोबॅक्टेरिया, ज्यांना आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो. उन्हाचा तडाखा आणि कोरडेपणा टाळायला ते खडकाच्या आत शिरतात, पण प्रकाश पोचेल इतक्याच खोलीवर थांबतात. आत शिरताना ते चुना विरघळवून केसाहून बारीक बोगदे करतात. वरचा मिलिमीटरभर खडक त्यामुळे चाळणीसारखा ठिसूळ होतो.

आता त्या शेवाळावर चरणारे येतात. चिनी टोपीच्या आकाराचे लिंपेट, आठ पट्ट्यांचं कवच पाठीवर घेऊन चिकटलेले कायटन, खडकावरच्या लहान गोगलगाई. यांच्या तोंडात कानशीसारखी जीभ असते आणि तिच्यावर दातांच्या रांगा. लिंपेटच्या दातांत गोएथाइट हे लोहाचं खनिज असतं. २०१५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी केलेल्या चाचणीत हे दात तोवर मोजलेल्या जैविक पदार्थांत सर्वांत बळकट ठरले. कायटनच्या दातांत मॅग्नेटाइट असतं, म्हणजे त्यांना चुंबक ओढतो. अन्न खडकाच्या आत आहे, तेव्हा हे प्राणी अन्नासोबत खडकही खरवडतात. त्यांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांत चुनखडीची भुकटीच असते.

वरचा थर खरवडला गेला की आतल्या शेवाळाला जास्त प्रकाश मिळतो, म्हणून ते आणखी खोल जातं. मग चरणारे आणखी खोल खरवडतात. या दोघांच्या जोडीने खडक मागे सरकत राहतो. त्याला लाट लागत नाही.

खाली, जास्त वेळ पाण्यात असणाऱ्या भागात, दुसरे कारागीर असतात. समुद्री साळू म्हणजे अर्चिन आपल्या पाच दातांनी खडकात वाट्या कोरतात. क्लायोना जातीचे स्पंज चुन्याचे सूक्ष्म तुकडे सुटे करून आत पोकळ्या करतात. लिथोफागा हा खजुराच्या बीसारखा दिसणारा शिंपला आम्लधर्मी स्राव सोडून खडकात स्वतःच्या मापाचं गोल भोक पाडतो आणि जन्मभर तिथेच राहतो.

सगळे जीव नुकसानच करतात असंही नाही. कालवं आणि बार्नॅकल (खडकाला कायमचे चिकटून राहणारे लहान कवचधारी जीव) यांचा दाट थर खडकाला चिलखतासारखा झाकतो. फांग न्गामध्ये खाचेच्या भिंतीवर कालवांचा जाड पट्टा ठिकठिकाणी दिसतो, आणि जिथे तो आहे तिथे त्याच्या आडचा खडक चरणाऱ्यांपासून वाचतो.

खाच नेमक्या त्याच उंचीवर का?

वर सांगितलेल्या सगळ्यांचं पोट एकाच गोष्टीवर चालतं: पुरेसं भिजणं. फार वर गेलात तर वाळून मरायचं, फार खाली गेलात तर माशांच्या तोंडी. म्हणून कोण किती उंचीवर राहणार हे ठरलेलं असतं. या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं-उतरतं, अष्टमीच्या आसपास भांगाला थोडंच. या सगळ्याची सरासरी जिथे येते त्या पातळीच्या जवळपास खाच सर्वांत खोल असते. खाचेची उंची साधारण भरती-ओहोटीतल्या फरकाएवढी. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम हातभर, म्हणून तिथल्या खाचा अरुंद आणि धारदार, चाकूने ओढल्यासारख्या. फांग न्गात उधाणाचा फरक दोन-तीन मीटरचा, म्हणून खाचाही रुंद.

जिथे लाटा असतात तिथे पाणी उसळून वर जातं, त्यामुळे खाच थोडी वर सरकते. आकारावरून आडोसा आहे की नाही हे ओळखता येतं.

वर्षाला किती झिजतं? आणि इतकं कमी मोजतात कसं?

उष्ण कटिबंधातल्या चुनखडी किनाऱ्यांवर साधारण एक मिलिमीटर, कुठे थोडं कमी, कुठे जास्त. थंड आणि शांत एड्रियाटिक समुद्रासारख्या ठिकाणी त्याच्या काही दशांशच.

मोजण्याचं उपकरण फार साधं आणि सुंदर आहे. खडकात तीन स्टीलचे खिळे कायमचे बसवतात. त्यांच्यावर तीन पायांची एक लोखंडी चौकट टेकवतात. चौकटीला डायल गेज असतो, त्याची सुई खडकाला टेकते आणि काटा मिलिमीटरचे बारीक अंश दाखवतो. वर्षाने, दोन वर्षांनी परत येऊन चौकट त्याच खिळ्यांवर ठेवायची आणि आकडा वाचायचा. १९७० च्या सुमारास ही पद्धत रूढ झाली, अजूनही वापरतात.

आता एक हिशेब. वर्षाला एक मिलिमीटर म्हणजे हजार वर्षांत एक मीटर. समुद्र आजच्या पातळीच्या जवळ येऊन सहा-सात हजार वर्षं झाली. म्हणजे खाच काही मीटर खोल असायला हवी, आणि तशीच ती आहे. ढोबळ हिशेब आहे, पण तो जुळतो तेव्हा फार समाधान वाटतं.

काही कड्यांवर डोक्याच्या बऱ्याच वर दुसरी खाच दिसते. तिथवर पाणी येतं का?

आता येत नाही. पूर्वी येत होतं.

हिमयुगाच्या ऐन थंडीत, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. तेव्हा फांग न्गाचा उपसागर कोरडा होता आणि ही बेटं डोंगर होती. पुढे बर्फ वितळलं, पाणी चढलं आणि या भागात पाच-सहा हजार वर्षांपूर्वी ते आजच्यापेक्षाही काही मीटर वर गेलं. तिथे काही काळ थांबून पुन्हा हळूहळू खाली आलं. वरची खाच तेव्हाची. काही ठिकाणी तिच्या भिंतीला त्या काळची कालवं अजून चिकटलेली आहेत. त्यांच्या कवचाचं वय कार्बन पद्धतीने काढता येतं, म्हणून इथल्या समुद्रपातळीचा इतिहास खडकावरून वाचता आला.

प्रत्येक उंच खाचेचा अर्थ ‘समुद्र खाली गेला’ असा मात्र होत नाही, जमीनही वर येते. ग्रीसच्या क्रीट बेटाचा पश्चिम भाग इ. स. ३६५ च्या प्रचंड भूकंपात कमाल सुमारे ९ मीटर वर उचलला गेला. तिथल्या चुनखडीच्या कड्यांवर जुनी पाणरेषा आजही उघड दिसते, आणि फलासार्ना हे प्राचीन बंदर कोरड्या जमिनीवर आलेलं आहे. इटलीत नेपल्सजवळ पोत्झुओली इथे रोमन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. संगमरवर म्हणजे रूपांतरित चुनखडीच. त्या खांबांवर जमिनीपासून कित्येक मीटर उंचीवर लिथोफागा शिंपल्यांची भोकं आहेत. ज्वालामुखीच्या हालचालीने ती जमीन समुद्राखाली गेली, शिंपल्यांनी भोकं पाडली आणि जमीन पुन्हा वर आली. खांब उभेच राहिले. झीज कशी वाचायची हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जेम्स बॉण्ड बेटासमोरचा सुळका कधी पडणार?

त्याचं नाव को तापू. उंची सुमारे २० मीटर, वरचा घेर मोठा, पाण्याजवळची कंबर जेमतेम चार मीटरची. कंबर अरुंद झाली ती याच खाचेमुळे, ती चहूबाजूंनी आत सरकली आहे. दोन्ही बाजूंनी वर्षाला मिलिमीटर धरला तर कागदावर दोन हजार वर्षं निघतात. खडक मात्र कागदावरच्या हिशेबाने पडत नाही. चुनखडीत जुन्या भेगा असतात, वरचा भार ठरावीक भेगेवर येतो आणि एखाद्या दिवशी ती सुटते. ती कधी सुटेल हे कुणीही सांगू शकत नाही. होड्यांना सुळक्याजवळ जायला १९९८ पासून मनाई आहे, आणि ती मनाई अगदी योग्य आहे. होडीवाल्याला ‘अजून थोडं पुढे घे’ असा आग्रह करू नका.

माल्टाच्या गोझो बेटावरची ‘अझूर विंडो’ ही चुनखडीची कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात गेली. तिचा टेकूचा खांबच ढासळला, मग वरचा भाग कशावर राहणार?

‘हाँग’ म्हणजे काय? बेटाच्या पोटात तलाव कसा?

समुद्र खाली होता तेव्हा पावसाच्या पाण्याने डोंगराच्या पोटात पोकळ्या केल्या. कालांतराने छत कोसळलं आणि वरून उघडी, चारही बाजूंनी उभे कडे असलेली विहिरीसारखी जागा तयार झाली, तीच हाँग. पुढे समुद्र चढला आणि पाणरेषेवरच्या एखाद्या बोगद्यातून आत शिरला. को पानाक आणि को हाँग या बेटांत अशा जागा आहेत, आत खारफुटीही वाढलेली आहे. बोगदा अनेकदा इतका ठेंगणा असतो की कायाकमध्ये आडवं पडून जावं लागतं. भरतीला त्याचं छत पाण्याला टेकतं. म्हणून वेळ ठरवणाऱ्या वाटाड्याचं ऐका. तो घाई करतो तेव्हा कारण असतं.

कड्याच्या बाहेर झुंबरासारखे चुन्याचे लोंब दिसतात. ते गुहेत नको होते का?

काही खरोखर जुन्या गुहेतले आहेत. कडा मागे सरकला आणि गुहा उघडी पडली. काही बाहेरच तयार झाले. डोंगरातून पाझरणारं चुनायुक्त पाणी उबदार हवेत सुकतं, शेवाळ-शैवाकावर चुना साचतो आणि लोंब वाढतो. वर चुना साचतोय आणि चार मीटर खाली तोच खरवडला जातोय, हे एकाच नजरेत दिसतं.

आपल्या कोकणात असं का दिसत नाही?

कोकणचा किनारा बहुतांशी काळ्या बेसाल्टचा आणि जांभ्याचा आहे. त्यात चुना नाही, तेव्हा शेवाळाला विरघळवून आत शिरता येत नाही. हरिहरेश्वरला कड्याच्या पायाशी सपाट चबुतरा आहे, रांजणकुंडं आहेत, भिंतीवर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी आहे. ते काम लाटांचं, दगडगोट्यांचं आणि खडकात शिरून स्फटिक होणाऱ्या मिठाचं. कोकणात काही ठिकाणी वाळू आणि शिंपले चुन्याने सांधून झालेला, करळ म्हणतात तो खडक आढळतो, पण त्याचे पातळ थर असतात, कडे नसतात.

जवळचं खरं उदाहरण पाहायचं तर दीवला आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर जा. तिथे मिलिओलाइट नावाची तरुण, दाणेदार चुनखडी आहे. पाणरेषेवर खाचा, धारदार खड्डे, सपाट चबुतरे सगळं दिसतं. याच जातीचा ‘पोरबंदर दगड’ मुंबईतल्या एकोणिसाव्या शतकातल्या अनेक इमारतींत वापरला आहे. फोर्टमधून चालताना फिकट पिवळसर कोरीवकाम दिसलं तर जरा थांबून पाहा.

समुद्र चढतोय, त्याचा या खाचांवर काय परिणाम होईल?

गेल्या तीसेक वर्षांत जगाची सरासरी समुद्रपातळी वर्षाला तीन मिलिमीटरहून जास्त वेगाने चढते आहे. खाच कोरण्याचा वेग साधारण एक मिलिमीटर. कोरणारे जीव एका पातळीवर स्थिरावायच्या आत पातळीच बदलते. म्हणजे जुनी खाच हळूहळू बुडेल आणि नवी तितकी रेखीव होणार नाही. भूमध्य समुद्रात आजच्या खाचा पाण्याखाली जाऊ लागल्याचं काही संशोधकांनी मांडलं आहे. त्यावर वादही आहे. दुसरीकडे समुद्राचं पाणी थोडं आम्लाकडे सरकतं आहे. औद्योगिक क्रांतीपासून पृष्ठभागावरचा सरासरी पीएच साधारण ८.२ वरून ८.१ वर आला आहे. उष्ण पाणी अजूनही चुन्याने तृप्त आहे, म्हणून कडे उद्याच विरघळतील असं नाही. कवच बांधणाऱ्या कालवांना मात्र काम जड होईल, आणि खडकाचं चिलखत तीच आहेत.

खाचेखाली सावलीत बसलं तर चालेल का?

नाही. छत कितीही भक्कम वाटलं तरी त्याला खालून आधार नाही. खाली ताज्या, फिकट रंगाचे, धार असलेले दगड पडलेले दिसले तर छत अलीकडेच सुटलं आहे असं समजा. पावसानंतर तर मुळीच नको. अनवाणी चालू नका. शेवाळाने कोरलेली चुनखडी पात्यासारखी कापते आणि कालवांच्या कडांनी झालेली जखम लवकर चिघळते.

आठवण म्हणून एखादा तुकडा किंवा खडकातला शिंपला आणता येईल का?

आणू नका. फांग न्गाचा उपसागर १९८१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून दगड, शिंपले, पोवळं काहीही उचलायला परवानगी नाही. लिथोफागाबाबत तर भूमध्य समुद्रात फार कडू अनुभव आहे. तो शिंपला खायला चविष्ट, आणि तो काढायचा तर खडकच फोडावा लागतो. लोकांनी समुद्रतळावरचे खडक हातोड्यांनी फोडून उजाड केले. अखेर युरोपीय संघाने २००६ च्या नियमाने त्याची पकड आणि विक्री बंद केली. फोटो हवे तेवढे काढा. ओहोटीला काढा, बाजूला माणूस किंवा होडी येऊ द्या म्हणजे खाचेची उंची कळेल, आणि वेळ लिहून ठेवा. भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ती वेळ जुळवली की त्या क्षणी पाणी खाचेच्या कोणत्या भागावर होतं ते घरी बसून काढता येतं.